नातेवाईकाची भूमिका

सांगलीत आमच्या वयाची माणसं वर्षं पुरावरून ओळखतात. पाचचा पूर, एकोणीसचा, एकवीसचा. २०४३ साली पूर आला नाही. नदी घाटाच्या पायऱ्यांपर्यंत येऊन परत गेली आणि लोकांनी माळ्यावर चढवलेलं सामान पुन्हा खाली आणलं. त्यामुळे ते साल इतरांच्या लक्षात नसेल. माझ्या आहे, कारण त्या श्रावणात शालन टोणपे आमच्या इमर्जन्सीत आल्या.

मी तिथल्या शिकवणाऱ्या रुग्णालयात पॅलिएटिव्ह विभागात होते. बऱ्या न होणाऱ्या माणसाचा त्रास कमी करायचा, त्याला काय हवंय ते विचारायचं, घरच्यांशी खरं बोलायचं, एवढाच आमचा विषय. वॉर्डात त्याला मान होता, इमर्जन्सीत नव्हता. "मगदूम मॅडम आल्या म्हणजे मागनं भटजी येणार," असं तिथला एक जण माझ्या तोंडावर म्हणाला होता. मला त्याचा राग आला नव्हता. तो विभाग मी जुना पाहिलेला होता.

माझ्या उमेदवारीत, २०१२ च्या सुमाराला, आम्ही त्याला कॅज्युअल्टी म्हणायचो. दाराबाहेर एक लांब बाकडं आणि त्या बाकड्यावर अर्धं गाव. फिनेलचा वास, पलीकडून येणारा चहाचा वास. माणूस गेलाय हे आम्हाला कळलेलं असायचं, तरी आम्ही छाती दाबत राहायचो, कारण दाराच्या गोल काचेतून कोणीतरी बघत असायचं. मग थांबायचं, घाम पुसत बाहेर जायचं आणि "आम्ही खूप प्रयत्न केले" म्हणायचं. त्या वाक्यामागं डॉक्टरलाही लपता यायचं आणि मुलांनाही. कोण वाचणार, कोण नाही, हे कोणालाच नक्की ठाऊक नसायचं. त्या काळात हा मोठा आधार होता. सीमानं तो काढून घेतला.

सीमा हे यंत्राचं नाव. पुण्याच्या एका लहान कंपनीनं ते काढलं होतं. आकार शिलाई मशीनच्या डब्याएवढा. शरीरातली पेशी मरते तेव्हा तिच्यातल्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात. धडधाकट माणसातही हे रोज चालू असतं. त्या तुकड्यांवर बारीक रासायनिक खुणा असतात, आणि यकृताच्या खुणा वेगळ्या, हृदयाच्या वेगळ्या, मेंदूच्या वेगळ्या. त्यामुळे थोड्याशा रक्तावरून कुठल्या अवयवात किती पडझड चाललीय ते कळतं. हे ज्ञान माझ्या तरुणपणीचंच आहे, फक्त तेव्हा तपासणीला आठवडे लागायचे. सीमा ते काही मिनिटांत करायची आणि थोड्या थोड्या अंतरानं तीनदा करायची. एका मोजणीत पडझड दिसते, तीन मोजण्यांत तिचा वेग दिसतो. पडझडीचा एक टप्पा असा असतो, की त्याच्या अलीकडे औषधाचा, नळीचा, यंत्राचा उपयोग होतो. त्याच्या पलीकडे एक अवयव दुसऱ्याला ओढत नेतो आणि बाहेरून काहीही केलं तरी पडझडीचा वेग बदलत नाही; फार तर यंत्रावर श्वास एखाद-दोन दिवस चालू ठेवता येतो. तो टप्पा ओलांडलाय का, एवढंच सीमा सांगायची. हजारात एखाद्या वेळी चुकायची. आम्ही त्याहून पुष्कळ जास्त वेळा चुकत होतो.

जोडीला कपाळावर एक पट्टी लावत. तिच्यातून मेंदूच्या लहरी वाचून यंत्र दुसरी गोष्ट सांगायचं: हा माणूस आणखी किती वेळ शुद्धीत, बोलण्याजोगा राहील. पहिल्या उत्तरानं डॉक्टर हादरले. दुसऱ्यानं घरंच्या घरं हादरली.

सिस्टर लोकांनी तिचं लगेच सीमाताई करून टाकलं. "सीमाताईंना विचारलं का?" "सीमाताईंचं मत पडलं." पहिल्या काही महिन्यांत मी जे पाहिलं ते असं: पडद्यावर "ओलांडला" उमटायचं, शिकाऊ डॉक्टर खाटेभोवतीचा पडदा ओढायचा आणि पुढच्या रोग्याकडे जायचा. आत माणूस शुद्धीत असायचा, धापा टाकत असायचा, बायकोला हाका मारत असायचा. डॉक्टर दुष्ट नव्हते. लढाई नसेल तर काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. म्हणून डीननी मला खाली पाठवलं.

शिकवायचं कसं हा प्रश्न सांगलीत फार वेळ राहत नाही. या गावात वाण्याच्या दुकानातला माणूससुद्धा कधीतरी तोंडाला रंग लावून उभा राहिलेला असतो. आम्ही हौशी नटांना बोलावलं. कोणी रोगी व्हायचं, कोणी भाऊ, कोणी सून, आणि शिकाऊ डॉक्टरनं त्यांच्याशी बोलायचं. त्यांत सगळ्यांत वाकबगार जयवंत टोणपे. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, ताठ. नाट्यस्पर्धांत चाळीस वर्षं चरित्र भूमिका केलेल्या. घरीदारी स्वच्छ प्रमाण मराठी बोलायचे, भाजीवालीशीसुद्धा. ते कायम नातेवाईक व्हायचे. त्यांच्यासाठी मीच प्रसंग लिहून दिले होते आणि त्यांनी ते पाठ केले होते.

पण वर्गात सगळेच शहाणे असतात. म्हणून मी अचानक परीक्षा सुरू केली. महिन्यातून एखाद्या दिवशी नटांची जोडी खरीखुरी इमर्जन्सीत यायची. रंगभूषाकार ओठ निळे करायचा, हात बर्फाच्या पिशवीत धरून गार करायचा. सीमाच्या पडद्यावर ठरवलेले आकडे यायचे. सिस्टरना माहीत असायचं, डॉक्टरला नसायचं. या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली. मला ती पद्धत आजही योग्य वाटते.

सुयश ऐवळे त्या तुकडीत होता. आटपाडीकडचा मुलगा, हाताला विलक्षण चपळ. श्वासनलिकेत नळी घालायला त्याच्यासारखा कोणी नव्हता. आषाढातल्या परीक्षेत त्याच्यापुढे एक नट धापा टाकत आला. सुयशनं ना कोणाला विचारलं ना बसला. डोकं मागं केलं, नळी घेतली, तोंड उघडलं. नट खाटेवरून ताडकन उठला आणि ओरडला, "अरे बाबा, थांब! माझे दात नवे आहेत!"

सबंध विभाग हसला. वॉर्डबॉयपासून डीनपर्यंत ती गोष्ट गेली. पोरं त्याला महिनाभर "दात नवे" म्हणायची. मी त्याला नापास केलं आणि सांगितलं, "पुढच्या वेळी असंच झालं तर मी सही करणार नाही." माझ्या सहीशिवाय त्याला शेवटच्या परीक्षेला बसता आलं नसतं. तेव्हापासून तो दारातून येणाऱ्या प्रत्येक जोडीकडे संशयानं बघायला लागला.

टोणपे पत्नीला घेऊन आले ती सकाळची वेळ होती. शेजाऱ्याच्या गाडीतून आले. शालनताईंना फुप्फुसं घट्ट होत जाण्याचा जुना आजार होता. त्यात जंतुसंसर्ग झाला आणि हृदयही थकलं. आमच्या विभागात त्यांना कोणीच कधी पाहिलं नव्हतं. टोणप्यांना मात्र सगळे ओळखत. पुढचं मी नंतर एकेकाकडून ऐकलं.

सुयशनं टोणप्यांना पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. पाळीवरच्या एस्तेर सिस्टरकडे बघून त्यानं एक डोळा मिचकावला. "मला वाटलं डोळ्यात काही गेलं," असं सिस्टर पुढे चौकशीत म्हणाल्या. त्यांनी रक्त घेतलं, पट्टी लावली, ऑक्सिजन लावला. सुयशनं शालनताईंचा हात हातात घेतला. गार होता. बर्फ, त्याच्या मनात आलं. ओठ निळसर होते. रंगभूषा छान, त्याच्या मनात आलं. सीमाचं उत्तर आलं: टप्पा ओलांडला. शुद्ध दुपारी कधीतरी जाईल.

तेवढ्यात टोणपे पुढे झाले. "डॉक्टर, जे काही असेल ते मला सांगा. तिला काही कळता कामा नये."

हे माझ्या तिसऱ्या प्रसंगातलं पहिलं वाक्य. शब्दाला शब्द तेच. सुयशची खात्रीच झाली.

"काका, किती जाणून घ्यायचंय ते आधी काकूंनाच विचारू या," तो म्हणाला. हेही तिसऱ्या प्रसंगातलंच, डॉक्टरचं.

"ठीक आहे. मी खंबीर आहे," टोणपे म्हणाले. पडद्यापाशी जाऊन थांबले, एकदा वळून पाहिलं आणि बाहेर गेले. प्रसंगातही ते असंच वळायचे.

त्या माणसाला दुसरे शब्दच सुचत नव्हते. हे मला फार उशिरा समजलं. चाळीस वेळा एका प्रसंगातून गेलेला माणूस खराच त्या प्रसंगात सापडला, तर त्याच्या तोंडी तेच येणार.

सुयशनं खुर्ची ओढली. फोन बंद करून खिशात टाकला. नजर समोरासमोर येईल असा बसला. खऱ्या रोग्याजवळ तो कधीच बसला नव्हता.

"छान बसलास," शालनताई म्हणाल्या. धाप लागत होती, मधे मधे थांबत होत्या. "आता विचारशील, आजाराबद्दल तुम्हाला काय म्हाईत हाय."

सुयश चमकला. "हो. तेच विचारणार होतो."

"घरी ह्यांची वाक्यं मीच घेते की. ते नातेवाईक, मी डॉक्टर. भाजी निवडता निवडता." त्यांनी श्वास घेतला. "तवा पुढचं इचारू नको. सगळं सांग. मशीन काय म्हनतंय?"

संहिता बदललीय, सुयशला वाटलं. बाई नवीन आहे पण तयारीची आहे. त्यानं शिकवल्याप्रमाणे सांगितलं. आजार आता उपचारांच्या पुढे गेलाय. बरं करणं आमच्या हातात राहिलेलं नाही. धाप कमी करणं आहे, ते करू. दुपारपर्यंत तुम्हाला नीट बोलता येईल, पुढे झोप लागत जाईल. मग तो गप्प बसला. गप्प बसायलाही मी शिकवलं होतं, आणि ते कोणालाच जमत नसे. त्या दिवशी त्याला जमलं.

शालनताई वर पंख्याकडे बघत होत्या. "नळी घातली तर?"

"मशीन श्वास घेईल. उद्यापर्यंत, कदाचित परवापर्यंत. पण तुम्ही झोपेत असाल. बोलता येणार नाही."

"मग नको नळी. केतकीशी बोलायचंय." केतकी त्यांची एकुलती मुलगी, हैदराबादला नोकरीला. "आनि हे बघ, ह्यांना मी सांगते. तू सांगू नको. तू सांगितलंस तर ते नाटकातलंच उत्तर देतील."

सुयशनं हे सगळं त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घेतलं, सिस्टरना साक्षीला बोलावलं. त्या काळी रोग्याचा नकार असाच नोंदवत. थोडं मॉर्फिन लिहून दिलं, कारण मॉर्फिननं धाप लागल्याची घुसमट कमी होते. परीक्षेतही औषध लिहायचंच असे, सिस्टर ते फक्त दिल्यासारखं करत. चेहऱ्यावर वारा येईल असा टेबलफॅन लावायला सांगितला. सिस्टरांनी सगळं केलं. कुठंही चूक नव्हती. आमच्या विभागातल्या कुठल्याच रोग्याशी त्या वर्षी इतकं नीट कोणी बोललं नव्हतं.

मी तेव्हा औषधांच्या एका कामासाठी खाली आले होते. सुयश टेबलाशी आला. खूश होता.

"मॅडम, आजचा पेपर कसा गेला?"

"कसला पेपर?"

"टोणपे काकांचा. काकू कोण आहेत? फार भारी काम करतात."

"आज परीक्षा नाही, सुयश."

तो हसला. माझ्याकडे पाहिलं. हसू राहिलं नाही. मग पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, ज्या हातानं त्यानं तो गार हात धरला होता.

तेवढ्यात आतून टोणप्यांचा आवाज आला. शालनताईंना खोकल्याची उबळ आली होती, श्वास अडकल्यासारखा झाला होता आणि ते पडदा सारून आत गेले होते. आता ते प्रमाण मराठी बोलत नव्हते. "अवं, कोन हाय का हितं? नळी घाला तिला! बघत काय उभारलाय?"

सुयश धावला. मी मागून गेले. त्याचा हात सरळ नळीच्या तबकाकडे गेला आणि पाकीट फाडायला लागला. त्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. मी त्याला बाजूला घेतलं.

"त्या नको म्हणाल्यात ना?"

"मॅडम, मी परीक्षा समजून विचारलं होतं."

"त्यांनी परीक्षा समजून सांगितलं नव्हतं."

"ते धरायचं कसं? मी... माझं लक्ष मार्कांकडं होतं. मी माणूस म्हणून ऐकलंच नाही त्यांना."

"मग जा आणि ऐक."

"आणि नळी घातली नाही म्हणून हे लोक माझ्यावर..."

"तेही होईल," मी म्हटलं. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

तो खाटेजवळ गेला. या वेळी खुर्ची वगैरे ओढली नाही, गुडघ्यावरच बसला. उबळ ओसरत होती, मॉर्फिनचा गुण यायला लागला होता. "काकू," तो म्हणाला, "मघाशी मला वाटलं हे नाटक चाललंय. तुम्ही नटी आहात असं वाटलं. मी परीक्षा देत होतो. मला माफ करा."

शालनताईंनी डोळे उघडले. त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू आलं, आणि हसण्यानं पुन्हा खोकला.

"म्हंजे माझं काम चांगलं झालं म्हन की."

"काकू..."

"बक्षीस मिळालं असतं का रं? ह्यांना चाळीस वर्सांत दोनदाच मिळालं." त्या थांबल्या. "बरं, आता खरं इचार."

त्यानं खरं विचारलं. शब्द अडखळत होते, क्रम चुकला, दुपारी शुद्ध जाईल हे त्यानं दोनदा सांगितलं. शालनताईंनी तेच उत्तर दिलं. नळी नको. टोणपे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं.

त्या त्यांना म्हणाल्या, "हिकडं या. चप्पल काढा आनि वर बसा हितं."

"सिस्टर रागावतील."

"रागावू द्या."

ते खाटेवर बसले. शालनताई त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. मी आणि सुयश बाहेर आलो, एस्तेर सिस्टर पडदा ओढायला राहिल्या. त्यांनी पुढे मला सांगितलं, टोणपे बायकोच्या केसांतली पिन काढून पुन्हा लावत राहिले.

केतकीला फोन लावून दिला. वडलांनी तिला सगळं कळवलं होतं; फोनच्या पडद्यावर ती विमानतळाच्या रांगेत दिसत होती. "आई, मी येतेय. कोल्हापूरचं विमान आहे, संध्याकाळी पोचते. नळी घालू दे त्यांना. एवढं ऐक माझं."

"तू येशील तवा मी नळीच्या पलीकडं आसंन. आत्ता बोल की."

"मला समोर बोलायचंय! फोनवर काय बोलायचं? आई, तू नेहमी असंच करतेस. माझ्या लग्नातही तुझंच खरं केलंस."

"तुझं लग्न काय वाईट झालं?"

"विषय तो नाहीये!"

अशी ती भांडली. रडत भांडली. रांगेतली माणसं तिच्याकडे बघत होती. शालनताई मधे मधे उत्तर देत होत्या, मधे मधे नुसत्या बघत होत्या. त्यांनी तिला लोणच्याच्या बरणीबद्दल सांगितलं, वडलांच्या रक्तदाबाच्या गोळीबद्दल सांगितलं, आणि विमानात काहीतरी खाऊन घे म्हणून सांगितलं. मग विमानात बसायची वेळ झाली आणि केतकीनं फोन बंद केला. निरोप असा कोणी घेतला नाही.

सीमानं सांगितलं होतं त्याप्रमाणे दुपारी शालनताईंना झोप लागत गेली. घरघर लागली नाही, घुसमट झाली नाही. टोणपे शेजारीच होते. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्या गेल्या. केतकी आली तेव्हा सिस्टरांनी केस विंचरून ठेवले होते आणि पदर नीट केला होता.

केतकीनं आईच्या पायाला हात लावला. मग विचारलं, "अंग गार झालंय. नळी घातली असती तर मी आले तेव्हा गरम असतं ना?"

उत्तर खरं द्यायचं तर "हो" असं होतं. सीमानं नोंदवलेल्या वेगावरूनही तेच निघत होतं. नळीसह शालनताई दुसऱ्या दिवसापर्यंत राहिल्या असत्या, झोपेत. मी बोलणार तेवढ्यात सुयश पुढे झाला.

"हो," तो म्हणाला. "असतं. आणि आणखी एक तुम्हाला सांगायला हवं." त्यानं सगळं सांगितलं. परीक्षा, डोळा मिचकावणं, मार्क. ध्वनिमुद्रणावर सगळं चोख होतं, ते ऐकून कोणाला काही कळलं नसतं. आत्ता गप्प बस, असं त्याला त्याच्या दोन वरिष्ठांनी तासाभरापूर्वीच सांगितलेलं होतं. मी ते ऐकलं होतं आणि मधे पडले नव्हते.

केतकी ऐकत राहिली. मग वडलांकडे वळून म्हणाली, "बाबा, हे तुमच्या नाटकांमुळे झालं."

तिनं तक्रार केली. चौकशी समिती बसली. प्रश्न एकच होता: डॉक्टर परीक्षा समजत असताना घेतलेला नकार धरायचा की नाही? वकील दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले. समितीनं शेवटी ठरवलं की नकार खरा होता, कारण तो देणारी बाई खरी होती, आणि तो दुसऱ्यांदाही विचारला गेला होता. पण डॉक्टरची मनःस्थिती अक्षम्य होती. सुयशला सहा महिने मागं ठेवलं. अचानक परीक्षा कायमची बंद केली. मला समज मिळाली. मी समितीला सांगितलं, त्या बाईंशी कोणी नीट बोललं असेल तर ते त्या परीक्षेमुळेच. समितीनं माझं म्हणणं नोंदवून घेतलं आणि पुढचा विषय घेतला.

आता या सगळ्याला सव्वीस वर्षं झाली. सीमा यंत्र दहा वर्षं चाललं. पुढे त्याहून लहान, मनगटावरचं आलं, आणि आता तर लोक ते घरीच बांधतात, बहुतेक न बघण्यासाठी. सीमा काढणारी कंपनी कोणीतरी विकत घेतली. एस्तेर सिस्टर मिरजेला राहतात, त्यांचा नातू परिचर्या शिकतोय. नाताळला त्या मला अजून करंज्या पाठवतात.

जयवंत टोणप्यांनी नातेवाईकाची भूमिका पुन्हा केली नाही. वर्षभरानं ते वर्गात आले आणि म्हणाले, मला रोगी करा. खाटेवर पडून राहायचे. शिकाऊ डॉक्टर विचारायचे, काका, तुम्हाला काय हवंय? त्यांना संहिता नको असायची. कधी म्हणायचे, मुलगी हवीय. कधी म्हणायचे, भडंग. एकदा रडले, आणि पोरांना वाटलं काम आहे. ते २०५२ साली घरीच गेले, बसल्या जागी.

सुयश ऐवळेनं इमर्जन्सी सोडली नाही. जतजवळच्या एका लहान रुग्णालयात तो तोच विभाग चालवतो. त्याचा हात अजून चपळ आहे आणि तो अजूनही पुष्कळांना नळी घालतो, ज्यांना उपयोग आहे त्यांना. मधे एकदा मी तिकडं गेले होते. पडद्याआड त्याचा आवाज ऐकू येत होता. चाचरत बोलतो, वाक्यं अर्धवट सोडतो. वर्गात मी त्याला काठावर पास केलं असतं.

मी चौऱ्याऐंशीची आहे. गुडघे गेलेत, स्मरण शाबूत आहे.

राहिली केतकी. हैदराबाद सोडून ती वडलांजवळ राहायला आली आणि त्यांच्यानंतर इथंच राहिली. समितीचा निकाल तिनं कधी मान्य केला नाही. तिसऱ्या वर्षी माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "तुमच्या पोरांशी मला बोलायचंय." मी तास ठरवून दिला. ती नव्या तुकडीपुढे उभी राहिली आणि तिनं सांगितलं की माझ्या आईला नळी घालायला हवी होती. ती झोपेत असती तरी चाललं असतं. मला तिच्याशी भांडून विमानात बसावं लागलं, आणि पोचले तेव्हा ती गार होती. तुम्ही आईचं ऐकलंत ते बरोबर केलंत, असं मला कोणी सांगू नये. मला ते बरोबर वाटत नाही.

एका मुलानं हात वर केला. मी त्याला तो खाली करायला लावला.

तेव्हापासून ती दर वर्षी येते. निवृत्त झाल्यापासून मी मागच्या बाकावर जाऊन बसते. ती तेच सांगते, फार फरक न करता. पोरं मान खाली घालून ऐकतात, कोणी उत्तर देत नाही. त्या तासाला उत्तर द्यायचं नसतं, हे आता नव्यांना जुनेच सांगून ठेवतात. सांगून झालं की ती पर्स उचलते, मला विचारते, "मॅडम, रिक्षा बोलावू का?" आणि आम्ही दोघी एकाच रिक्षानं घरी येतो.